गुगलचं स्किलशॉप: सर्च आणि शॉपिंगच्या परीक्षेला ही फुकटची शिकवणी कितपत पुरते?

गुगल अ‍ॅड्सच्या सर्च (शोधनिकालातल्या मजकुरी जाहिराती) आणि शॉपिंग (फोटो-किंमतीसह मालाच्या जाहिराती) या दोन प्रमाणपत्रांची तयारी करायची तर पहिला पत्ता स्किलशॉपचा, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळाचा. शिकवणारं गुगल, परीक्षा घेणारं गुगल आणि दोन्ही फुकट. एखाद्या क्लासने ‘परीक्षा शुल्क’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर ते त्याच्या खिशात जातात, गुगलकडे नाही. आधी निकाल सांगून टाकतो: सर्चसाठी स्किलशॉप जवळपास पुरतं, शॉपिंगसाठी निम्मंच. उरलेलं निम्मं मर्चंट सेंटर, म्हणजे दुकानातल्या मालाची माहिती गुगलला देण्याचं खातं, उघडून, हात काळे करूनच येतं.

परीक्षेचा साचा सोपा आहे. सर्चला ५० प्रश्न, ७५ मिनिटं आणि उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. म्हणजे ४० बरोबर हवेत आणि एका प्रश्नाला ९० सेकंद मिळतात. शॉपिंगही साधारण याच मापाचं. घड्याळ मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की उठायचं आहे अशा वेळी बसू नका. नापास झालात तर एक दिवस थांबून पुन्हा देता येते. खटकतं ते पुढचं: टक्के कळतात, पण नेमका कुठला प्रश्न चुकला ते कळत नाही. शिकवणी म्हणून ही मोठीच उणीव. त्यावर उपाय एकच, प्रश्न अडला की शेजारच्या कागदावर विषय दोन शब्दांत टिपून ठेवायचा. नापास झाल्यावर तोच कागद कामाला येतो.

धडे छोटे आहेत, मध्येमध्ये सरावाचे प्रश्न आहेत, भाषा सरळ आहे. पण धड्यांतून बोलतं ते गुगल, आणि खरी मेख तिथेच आहे. रोज ५०० रुपयांत जाहिरात चालवणारा माणूस ब्रॉड मॅचपासून (कीवर्डशी, म्हणजे आपण निवडलेल्या शब्दाशी, दूरचं नातं असलेल्या शोधांवरही जाहिरात दाखवण्याची पद्धत) चार हात लांब राहतो, कारण भलत्याच शोधांवर पैसे जातात हे त्याने पाहिलेलं असतं. परीक्षेत मात्र ‘जास्तीत जास्त संबंधित शोधांपर्यंत पोहोचायचं आहे’ असं वाचलं की उत्तर ब्रॉड मॅच आणि सोबत स्मार्ट बिडिंग, म्हणजे क्लिकसाठी किती पैसे द्यायचे ती बोली गुगलने विक्री-चौकशीच्या शक्यतेवरून आपोआप ठरवणं. वर्षानुवर्षं खाती सांभाळणारे इथेच आपटतात. ते स्वतःच्या अनुभवाने उत्तर देतात आणि परीक्षा विचारते गुगलची शिफारस. प्रश्न वाचताना मनात ‘गुगलच्या मते’ हे दोन शब्द जोडून वाचले तरी बरेच गुण वाचतात.

बोली लावण्याच्या पद्धतींवरचे प्रश्न एकेका शब्दावर फिरतात. विक्रीचं मूल्य किंवा खर्चाच्या पटीत परतावा म्हटलं असेल तर टार्गेट रोआस. दर चौकशीमागे ठरलेल्या खर्चात जास्त चौकश्या हव्या असतील तर टार्गेट सीपीए. संकेतस्थळावर नुसती वर्दळ हवी असेल तर मॅक्सिमाइझ क्लिक्स, आणि पानाच्या वरच्या भागात दिसत राहायचं असेल तर टार्गेट इम्प्रेशन शेअर. शेवटच्या दोन पद्धती आपोआप चालतात, पण त्यांना स्मार्ट बिडिंग म्हणत नाहीत. हा फरक धड्यात एका ओळीत उरकलाय आणि परीक्षेत नेमका आडवा येतो. आणखी एक घोळ असा की सर्च मोहिमेत टार्गेट सीपीए आता मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्सच्या (कन्व्हर्जन म्हणजे विक्री किंवा चौकशी) पोटात आणि टार्गेट रोआस मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन व्हॅल्यूच्या पोटात, ऐच्छिक उद्दिष्ट म्हणून दिसतं. प्रश्नातलं नाव पडद्यावर सापडलं नाही म्हणून गांगरायला नको.

रोआसची व्याख्या स्किलशॉप देतं, पण नफ्याशी त्याची सांगड घालून दाखवत नाही. ती अशी: साडी ८,००० रुपयांना विकली. माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता हातात २,००० उरतात, म्हणजे २५ टक्के. एक भागिले ०.२५, म्हणजे ४ पट. ४०० टक्के रोआसला ना नफा ना तोटा. ६०० टक्के मिळाला तर त्या साडीवर जाहिरातीला १,३३३ गेले आणि ६६७ उरले. ३०० टक्क्यांवर २,६६७ गेले, म्हणजे ६६७ खिशातून. डॅशबोर्डवर ३०० टक्के बघून खूश होणारे दुकानदार कमी नाहीत. परीक्षेत याची उलटी बाजू येते: उद्दिष्ट फार वर ठेवलं की यंत्रणा हात आखडता घेते आणि विक्रीची संख्या घसरते. विक्री वाढवायची असेल तर उद्दिष्ट खाली आणायचं, वर नाही.

क्वालिटी स्कोअरवरही बरेच घसरतात. १ ते १० चा हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. पण कोणती जाहिरात कुठे दिसावी हे ठरवणाऱ्या लिलावात हा आकडा वापरला जात नाही, तो फक्त निदानासाठी आहे. लिलावात अ‍ॅड रँक चालते आणि ती दर शोधाला नव्याने निघते: बोली, त्या क्षणीची गुणवत्ता, किमान उंबरठे, स्पर्धा, शोधाचा संदर्भ आणि अ‍ॅसेट्सचा (जाहिरातीला जोडलेले जादा दुवे, फोन वगैरे) अपेक्षित परिणाम धरून. हे वाक्य घोकलं तरी चालेल. बजेटचं गणितही पाठच हवं. रोजचं बजेट ५०० असेल तर एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याचा हिशेब ३०.४ पटीपलीकडे, म्हणजे १५,२०० रुपयांपलीकडे जात नाही.

निगेटिव्ह कीवर्डचा (हा शब्द शोधात असेल तर जाहिरात दाखवू नये असं सांगणारा) धडा इंग्रजी उदाहरणांवर उभा आहे, त्यामुळे मराठीत जाहिरात करणाऱ्याला त्यातली खोच लक्षात येत नाही. साधा कीवर्ड जवळचे अर्थ आणि शब्दाची रूपं आपोआप पकडतो. निगेटिव्ह तसं करत नाही. ‘भाड्याने’ वगळलं तरी ‘भाडे’ आणि ‘भाड्याची’ शिल्लक राहतात. आपल्याकडे विभक्ती आणि सामान्यरूपं इतकी की एकेका शब्दाची चार-पाच रूपं हाताने टाकावी लागतात, आणि रोमन लिपीत टंकणाऱ्यांसाठी तीच रूपं पुन्हा रोमनमध्ये. परीक्षेला नियम पुरतो, धंद्याला ही यादी लागते.

आता शॉपिंग. इथे स्किलशॉप खरंच उथळ आहे. परफॉर्मन्स मॅक्सचं (गुगलच्या सगळ्या ठिकाणी आपोआप चालणाऱ्या मोहिमेचं) कौतुक पानोपानी, पण मोहीम ज्या डेटावर चालते त्या डेटाला जेमतेम जागा. शॉपिंग जाहिरातीत आपण कीवर्ड देतच नाही. कोणत्या शोधाला कोणता माल दाखवायचा हे मालाच्या माहितीवरून ठरतं. म्हणून शीर्षक हाच तुमचा कीवर्ड समजा. ‘सुंदर साडी खास ऑफर’ हे शीर्षक कुठल्याच शोधाशी नीट जुळत नाही. ‘पैठणी साडी, शुद्ध रेशीम, मोरपंखी, हातमाग, ब्लाउज पीससह’ हे जुळतं. मर्यादा १५० अक्षरांची, पण ग्राहकाला साधारण पहिली ७० दिसतात, तेव्हा मालाचं नाव, कापड आणि रंग पुढे, बाकीचं मागे. ‘मोफत घरपोच’ असला मजकूर शीर्षकात चालत नाही. फोटोवर सवलतीची पट्टी किंवा दुकानाचा वॉटरमार्क असेल तर माल नामंजूर होतो.

नामंजुरीचं नेहमीचं कारण म्हणजे किंमत. भारतात फीडमधली, म्हणजे गुगलला दिलेल्या मालाच्या यादीतली, किंमत जीएसटी धरून द्यायची. अमेरिका आणि कॅनडात कर वगळून देतात, आणि परीक्षेत देश बदलून हेच विचारता येतं. फीडमध्ये आणि पानावर किंमत एकच हवी. माशी शिंकते ती प्रकारांमुळे: सहा वार आणि नऊवार एकाच पानावर असतात, पान उघडताच सहा वारची किंमत दिसते आणि फीडमध्ये नऊवारची असते. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र आयडी द्या, आयटम ग्रुप आयडी सगळ्यांचा एक ठेवा, आणि लिंक अशी द्या की तोच प्रकार आधीच निवडलेला उघडेल. सवलत चालू असेल तर मूळ किंमत खोडायची नाही, सेल प्राइसचा वेगळा रकाना आहे. ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवल्यास किरकोळ फरक गुगल स्वतः सुधारतं, पण त्या भरवशावर फीड शिळं ठेवू नका. ३० दिवसांत ताजी न केलेली नोंद गळून पडते.

बारकोडचा किस्सा तर हमखास. भारतात नोंदलेला जीटिन, म्हणजे बारकोडखालचा क्रमांक, बहुधा ८९० ने सुरू होणारा, १३ आकडी असतो. एक्सेलमध्ये साध्या रकान्यात तो चिकटवला की ८.९ पुढे ई अधिक १२ असं काहीतरी दिसायला लागतं. फाइल त्याच रूपात सीएसव्ही म्हणून जतन झाली की शेवटचे आकडे गेलेच, आणि मर्चंट सेंटरमध्ये शेकडो ओळी ‘अवैध जीटिन’ म्हणून लाल. आकडे टाकण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा, नंतर नाही. हातमागाच्या मालाला जीटिन, ब्रँड, उत्पादकाचा क्रमांक यातलं काहीच नसेल तर खोटा आकडा रचायचा नाही. आयडेंटिफायर एक्झिस्ट्स या रकान्यात ‘नो’ लिहायचं.

बाकीचं भराभर. कस्टम लेबल, म्हणजे मालावर स्वतःच्या सोयीसाठी लावायच्या खुणा, पाच, ० ते ४, ग्राहकाला दिसत नाहीत. नफ्याच्या पट्ट्या किंवा हंगाम लावायला उत्तम. स्टँडर्ड शॉपिंगमधला (म्हणजे साध्या शॉपिंग मोहिमेतला) मोहिमांचा प्राधान्यक्रम तोच माल अनेक मोहिमांत असेल तेव्हाच कामाचा, आणि तेव्हा तो बोलीवर मात करतो. परफॉर्मन्स मॅक्स आणि स्टँडर्ड शॉपिंग समोरासमोर आले तर पूर्वी परफॉर्मन्स मॅक्स आपोआप पुढे जायचं, २०२४ च्या अखेरीपासून अ‍ॅड रँक ठरवते. आणि एकेक माल नाही, अख्खं खातंच बंद पडलं असेल तर बहुधा कारण मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे दिशाभूल: संकेतस्थळावर पत्ता-फोन नाही, माल परत घेण्याचे नियम नाहीत, किंवा पैसे भरण्याच्या पायरीवर किंमत वाढते.

टेलिग्रामवर आणि इतरत्र फिरणाऱ्या उत्तरांच्या पीडीएफबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांची तयारी तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. त्या पीडीएफचं वय ओळखता येतं. ‘एक्सपांडेड टेक्स्ट अ‍ॅड’ कशी बनवायची असा प्रश्न दिसला तर ती जून २०२२ च्या आधीची, तेव्हापासून तशी नवी जाहिरात बनवताच येत नाही. आता रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे १५ पर्यंत मथळे आणि ४ पर्यंत वर्णनं द्यायची, जुळवणी गुगल करतं. ब्रॉड मॅच मॉडिफायर म्हणजे अधिक चिन्हवाला कीवर्ड दिसला तर २०२१ च्या आधीची. लिनिअर किंवा टाइम डिके हे श्रेय-वाटपाचे (विक्रीचं श्रेय कोणत्या क्लिकला किती द्यायचं याचे) नमुने योग्य उत्तर म्हणून दिलेत? ते २०२३ मध्ये गेले, उरले डेटा-ड्रिव्हन आणि लास्ट क्लिक. स्मार्ट शॉपिंग हा आपोआप चालणाऱ्या मोहिमेचा जुना प्रकार २०२२ मध्ये परफॉर्मन्स मॅक्समध्ये विलीन झालं, ‘एक्स्टेंशन’ला त्याच वर्षापासून ‘अ‍ॅसेट’ म्हणतात. यातले दोन शब्द सापडले तरी पीडीएफ रद्दीत. ताज्या पीडीएफमध्येही पर्यायांची वाक्यं बदललेली असतात, त्यामुळे नुसतं पाठांतर तोंडावर पाडतं.

त्याऐवजी रोज दीड तास असे आठ दिवस धरा. पहिले तीन दिवस सर्चचे धडे, आणि प्रत्येक धड्यानंतर त्याच विषयाचं गुगल अ‍ॅड्स हेल्पमधलं पान. चौथ्या दिवशी मोहीम न बनवता गुगल अ‍ॅड्स खातं उघडा. चलन विचारेल तिथे नीट बघून रुपये निवडा, ते नंतर बदलता येत नाही. पाचव्या दिवशी सर्चची परीक्षा. उरलेल्या तीन दिवसांत मर्चंट सेंटरचं फुकट खातं, गुगल शीटमध्ये दहा मालांचं फीड, आणि त्यात मुद्दाम चुका: एक किंमत चुकीची, एक बारकोड अपुरा, एका मालाचा उपलब्धतेचा रकाना रिकामा. नीड्स अटेन्शन या भागात काय तक्रार येते ते वाचा. पूर्ण पडताळणीला संकेतस्थळ स्वतःचं असल्याचं सिद्ध करावं लागतं, पण बऱ्याचशा चुका फीड चढवताच दिसतात. आठव्या दिवशी शॉपिंगची परीक्षा. सर्च आधी द्यायची ती याचसाठी की बोलीचा सगळा भाग दोन्हीकडे सामायिक आहे.

लॉगिनचा मेल विचारपूर्वक निवडा. प्रमाणपत्र त्या खात्याला चिकटतं, आणि ऑफिसच्या मेलवर दिलं तर नोकरी सोडताना ते तिथेच राहतं. कंपनीला गुगल पार्टनरचा बिल्ला (गुगल जाहिरात एजन्सींना देतं तो) हवा असेल तर तिला मात्र तुमचं प्रमाणपत्र स्वतःच्या खात्याशी जोडलेलं लागतं, कारण ५० टक्के खाते-सांभाळणारे प्रमाणित असण्याची अट आहे. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची. यंदा दसऱ्याच्या आसपास दिलीत तर पुढच्या वर्षीही ऐन दिवाळीच्या ऑर्डरींच्या गर्दीत पुन्हा द्यावी लागेल; जून-जुलै बरा.