महिन्याची बैठक: शेडवर की समाजमंदिरात?

आम्हा कुक्कुटपालकांची महिन्याची बैठक पूर्वी आळीपाळीने एकेकाच्या शेडवर भरायची. शिकायला त्याला तोड नाही. शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या तुसाची मूठ आवळायची. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला, की ओल जास्त. पिल्लांच्या उंचीला खाली बसायचं. डोळे चुरचुरले, की अमोनिया साठलाय. हे फळ्यावर लिहून कळत नाही.

पण मला शेडवरच्या बैठकीचीच धास्ती वाटते. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू चपलेला लागलेल्या विष्ठेतूनही पसरतो. वीस माणसं आली, म्हणजे वीस शेडांची घाण आली. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते विसरून कसं चालेल?

समाजमंदिरात पक्षीच नाहीत. पिल्लांना मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस चौदाव्याच्या आसपास, खाद्याचे भाव, सगळं निवांत बोलता येतं. माझं मत तिकडेच. तिथेही शेडवरची चप्पल नकोच.

शेड बघायचीच तर कोंबड्यांची बॅच गेल्यावर, धुऊन चुना मारलेली बघावी. तुसाची मूठ आम्ही हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवतो. ओल मात्र हाताला लागत नाही, ती उणीव राहतेच.