मोनो की पॉली? सॉफ्टवेअर सिंथमध्ये काय निवडावं

सिंथमध्ये (सिंथेसायझरमध्ये) व्हॉइस म्हणजे एक सूर वाजवायला लागणारी अख्खी यंत्रणा: ऑसिलेटर (मूळ ध्वनी काढणारा), फिल्टर (त्याचा पोत घडवणारा), एन्व्हलप (आवाज कसा चढतो-विरतो ते ठरवणारा). १९७० च्या मिनीमूग सिंथमध्ये ती एकच होती, १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच. सॉफ्टवेअर सिंथमध्ये ही संख्या बहुतेकदा आपणच ठरवतो, आणि नवशिक्यांचा गोंधळ तिथेच उडतो.

मोनोमध्ये एका वेळी एकच सूर. सा धरून ठेवून प दाबला की सा थांबतो. ग्लाइड चालू असेल तर आवाज मींडेसारखा वर सरकत जातो. बेस आणि लीडसाठी (मुख्य धुनेसाठी) मी डोळे झाकून मोनोच घेईन.

पॉलीमध्ये कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर, वाजतात, पण हिशेब ठेवावा लागतो. समजा मर्यादा ८ व्हॉइसची आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) ४ सेकंदांचा. चार सुरांच्या दोन कॉर्ड पाठोपाठ वाजवून सोडल्या आणि त्या विरायच्या आत तिसरी दाबली, की सिंथ सहसा सर्वांत जुने व्हॉइस काढून घेतो. पहिल्या कॉर्डची शेपूट मध्येच तुटते. काही सिंथमध्ये युनिसनही (एकाच सुरासाठी अनेक व्हॉइस एकत्र वाजवणं) व्हॉइस खातो. अशा वेळी आधी रिलीज कमी करून बघा. मर्यादा सरसकट ३२ वर नेलीत तर प्रोसेसरवर भार येऊन आवाज तडतडू शकतो.