मेटाफॉर: हिशेब चोख, एककाची चौकशी शून्य

‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं मेटाफॉर हे मेटा-अ‍ॅनालिसिसचं (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक उत्तर काढायचं) पॅकेज मी सहा वर्षं वापरतेय, त्यामुळे नव्याची नवलाई कधीच सरली आहे. वोल्फगांग व्हीख्टबाउअर यांनी बनवलेलं, २०१० साली ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये सविस्तर मांडलेलं आणि आजही पूर्ण मोफत.

मला दोन वेगवेगळ्या मेटा-अ‍ॅनालिसिसचे निकाल एकत्र करायचे होते. औषध एकच, दोन्हीकडे मोजलं होतं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तसाखर दाखवणारी चाचणी. पण एकीकडे फरक टक्क्यांत, उणे ०.६०, दुसरीकडे मिलिमोल प्रति मोलमध्ये, उणे ६. (आकडे इथे गोल करून देतेय.) रूपांतराचं सूत्र तोंडपाठ होतं: ०.०९१५ ने गुणा, वर २.१५ मिळवा. केलं तसं. उणे ६ चे झाले अधिक १.६०! साखर उतरवणारं औषध माझ्या शीटमध्ये साखर चढवायला लागलं. मेटाफॉरनं हूं की चूं केलं नाही. एकत्रित परिणाम अधिक ०.५०, आय-स्क्वेअर (निकालांमधली तफावत सांगणारा आकडा) ९९ टक्क्यांच्या वर, आणि फॉरेस्ट प्लॉट या आलेखावरचा एकत्रित निकालाचा हिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. आणि मी शहाणी अर्धा तास ‘रुग्णांची वयं वेगळी असतील का’ वगैरे शोधत बसले.

ते २.१५ एका रुग्णाच्या रीडिंगसाठी असतात. औषध घेणारा आणि न घेणारा, अशा दोन गटांच्या फरकात ते दोन्हीकडून उडून जातात, नुसतं गुणायचं उरतं. स्टँडर्ड एररलाही (निकाल किती अनिश्चित आहे त्याचं माप) तेच. उणे ६ म्हणजे उणे ०.५५, आणि दोन्ही निकाल गुण्यागोविंदानं शेजारी बसले.

यात पॅकेजचा दोष नाही. त्याला परिणामाचा आकडा आणि त्याचा व्हेरियन्स (स्टँडर्ड एररचा वर्ग) एवढंच दिसतं. आकड्यामागे किलो आहेत की मिलिमीटर, त्याला पत्ताही नसतो. ‘एककं आधी सारखी करा’ ही सूचना मदतपानावर ठळक असती तर बरं झालं असतं, एवढी माझी कुरकुर.

खरी मजा आहे ‘एस्कॅल्क’ या फंक्शनमध्ये. दोन्ही गटांचे सरासरी, एसडी (रुग्णारुग्णांतल्या फरकाचं माप, स्टँडर्ड डेव्हिएशन) आणि रुग्णसंख्या द्या. साधा फरक, एसएमडी (फरक भागिले एसडी), सरासऱ्यांचं गुणोत्तर, हवं ते मिळतं. यातल्या गुणोत्तराला एकक लागत नाही, म्हणून मी त्यावर बेहद्द खूश होते. एचबीए१सीनं तिथेही दगा दिला. ८ वरून ७ टक्के म्हणजे गुणोत्तर ०.८८, तेच ६४ वरून ५३ मिलिमोल म्हटलं की ०.८३. दोन मापांचा शून्यच वेगळ्या जागी आहे, गुणोत्तर तरी काय करणार! ग्लुकोजला ही अडचण नाही, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे मिलिमोल प्रति लिटर करायला तिथे नुसता १८ ने भागाकार.

तिसरी मेटा-अ‍ॅनालिसिस हाती आली ती थेट एसएमडीत, उणे ०.५. ही परत टक्क्यांत आणायची तर एसडीनं गुणायचं. पण कुठल्या? एसडी १.२ धरली तर उणे ०.६०, ०.९ धरली तर उणे ०.४५. मेटाफॉर कुठलीही निमूट घेतं. शेवटी मूळ ट्रायलचे (रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांचे) पेपर उघडून एसडी वेचल्या, आणि त्यातही एका पेपरनं स्टँडर्ड एररच एसडी म्हणून छापली होती.

पेपर उघडल्यावर आणखी एक गोष्ट कळली: तिन्ही मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये बऱ्याच ट्रायल त्याच. म्हणजे मी तेच रुग्ण दोनदा-तीनदा मोजत होते, आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं उत्तर ज्यात असावं तो पल्ला) फुकटची अरुंद होत होती. निकाल एकत्र करणारं मेटाफॉरचं ‘आरएमए’ हे फंक्शन प्रत्येक ओळ स्वतंत्र धरतं. ‘आरएमए.एमव्ही’ या दुसऱ्या फंक्शनला ओळींमधला कोव्हेरियन्स (त्या एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत ते) देता येतो खरा, पण तो माझ्याकडे कुठून असणार? मग तयार निकाल बाजूला ठेवले, ट्रायलची एकच यादी केली, प्रत्येक ट्रायल एकदाच घेतली, टक्क्यांत आणली आणि एस्कॅल्कपासून पुन्हा सुरुवात केली. दोन आठवडे गेले. गणिताला मात्र दोन सेकंदही लागले नाहीत.

पाचपैकी साडेचार तारे. ‘आर’ अजिबात येत नसेल तर पहिला महिना जड जाईल. मदतपानं लांबलचक आहेत, पण उदाहरणं जशीच्या तशी चालतात. अर्धा तारा त्या अर्ध्या तासाचा कापलाय. तो खरं तर माझाच कापायला हवा.