सागवानी दारं

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोघी मिळून चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, पाणी तिच्याही वर गेलं. रात्र आम्ही माळ्यावर काढली. खाली उतरलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ, फ्रिज उताणा पडलेला, दारं फुगून चौकटीत घट्ट अडकलेली.

घराचा विमा होता. कर्ज देताना बँकेने काढायला लावलेला. दर वर्षी हप्ता भरायचा आणि कागद कपाटात टाकायचा, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. त्याच मे महिन्यात तो नव्याने काढला होता. नशिबाने ते कपाट माळ्यावर होतं.

चौथ्या दिवशी ‘तो’ आला. अख्खं गाव चिखलात आणि ह्याचा शर्ट इस्त्रीचा. तिथेच चपापायला हवं होतं. "काका, तुम्ही साफसफाई बघा, क्लेमचं माझ्यावर सोडा," म्हणाला. ओळखीतल्या दोघांची नावं सांगितली, ती खरीही निघाली. त्यांचंही काम त्याने घेतलं होतं. (त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. कोण विचारतो तेव्हा!) मिळेल त्या रकमेच्या १५ टक्के त्याचे, शिवाय सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते त्या माणसाची, फी म्हणून १०,००० रुपये आगाऊ, रोख. पॉलिसी, खरेदीच्या मूळ पावत्या आणि कोऱ्या क्लेम फॉर्मवर माझ्या तीन सह्या घेऊन तो गेला.

सर्व्हेअरची फी विमा कंपनी भरते, आपल्याला एक पैसाही द्यावा लागत नाही, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

जाताना त्याने दोन सल्ले दिले. पहिला, "हा कचरा ठेवू नका काका, रोगराई होईल." ते पटण्यासारखंच होतं. गाद्या, फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं, सगळं रस्त्यावर काढलं आणि नगरपालिकेच्या डंपरने ते दुसऱ्या दिवशी उचललं. फोटो किती काढले? चार. त्यातले दोन अंधारात. दुसरा सल्ला कोटेशनचा. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने लादी, प्लास्टर, वायरिंग आणि दारं धरून ३,९०,००० चा अंदाज दिला होता. ह्याने त्याच्या ठेकेदाराचं ६,८५,००० चं आणलं. "ते कापतातच हो, म्हणून वाढवून द्यायचं." त्यात सात सागवानी दारं होती. आमची फ्लश डोअर, म्हणजे साधी प्लायची दारं होती, मुख्य दार तेवढं सागवानी. मला ते वाचताना दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

सर्व्हेअर आला, शांत माणूस. एका फुगलेल्या दारावर त्याने टिचकी मारली, कोपऱ्यातला सुटलेला प्लायचा पापुद्रा नखाने उचलला आणि माझ्याकडे बघून काहीतरी लिहून घेतलं. त्यानंतर माझ्या खऱ्या नुकसानीवरचाही त्याचा विश्वास उडाला असणार. त्याला दोष कसा देऊ? खोटी कागदपत्रं लावली म्हणून अख्खा दावा नाकारायची सोय पॉलिसीतच असते. तो नाकारला नाही, हेच आमचं नशीब.

नुकसान धरलं २,६०,०००. त्यावरही "घराची किंमत २५ लाख, विमा १५ लाखांचाच" असं म्हणून ६० टक्केच मंजूर, म्हणजे १,५६,०००. ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे पूर्ण रक्कम मिळाली असं मान्य करणाऱ्या, कागदावर सही करायला ‘त्या’नेच बसवलं. "आज नाही केलीत तर फाईल बंद." पैसे जमा झाले त्याच संध्याकाळी २३,४०० घेऊन गेला.

पुढच्या मार्चमध्ये पुण्याचा भाचा आला. त्याने पॉलिसीची प्रत कंपनीकडून मागवली आणि सगळी वाचली, जे मी पंधरा वर्षांत केलं नव्हतं. ती ‘भारत गृह रक्षा’ होती. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना घरांसाठी ही पॉलिसी द्यायला लावली होती. विमा कमी रकमेचा आहे म्हणून त्या प्रमाणात कपात तिच्यात करताच येत नाही. दुसरं म्हणजे, आमच्या पॉलिसीत घराबरोबर सामानही होतं, घराच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांपर्यंत. ‘त्या’ने सामानाचा रकानाच कोरा सोडला होता. "मामा, फ्रिजचे पैसे मागितलेच नाहीत?" भाच्याने विचारलं. मी बायकोकडे बघितलं नाही.

सही केलीये, आता काय होणार, असंच मला वाटत होतं. पण तशा सहीमुळे जास्त रक्कम मागायचा आपला हक्क बुडत नाही, असं विमा नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. भाच्याने सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, महिनाभर वाट पाहिली आणि मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. रत्नागिरी जिल्हा त्यांच्याकडेच येतो. फी नाही, वकील लागत नाही, उलट चालतच नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. सुनावणीत मी दारांचं खरं ते सांगून टाकलं. कापलेले १,०४,००० परत मिळाले.

सामानाचं मात्र काही झालं नाही. वस्तू डंपरमध्ये गेल्या होत्या, फोटो चार, आणि मूळ पावत्यांची फाईल अजूनही त्याच्याकडेच आहे. त्याचा नंबर आता लागत नाही.