क्लास नक्की कुठल्या जारमधून येतोय? जेव्हीएमचा क्लास-लोड लॉग काही महिने वापरल्यावर

जावाचा प्रोग्राम चालताना 'नो सच मेथड एरर' आला (लोड झालेल्या क्लासमध्ये हवी ती मेथड सापडली नाही) की आमच्याकडे आधी पॉम फाइल, म्हणजे मेव्हन या बिल्ड टूलची लायब्रऱ्यांची यादी, उघडली जायची. मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुणामुळे आली ते) उपयोगाचं आहेच, पण ते बिल्डपुरतं. सर्व्हरवर प्रत्यक्षात कुठली जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) उचलली गेली, ते चालू जेव्हीएमलाच, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या जावा व्हर्च्युअल मशीनलाच, विचारावं लागतं.

जावा ९ पासून त्यासाठी 'एक्सलॉग' हा जेव्हीएमचा ऑप्शन आहे. त्याला 'क्लास' आणि 'लोड' हे टॅग दिले की लोड होणाऱ्या प्रत्येक क्लासची एक ओळ येते आणि 'सोर्स'पुढे जारचा पूर्ण पाथ. जावा ८ वर हेच काम 'व्हर्बोज क्लास' करतो. स्प्रिंग बूटचं ॲप असेल तर हजारो ओळी येतात, म्हणून थेट फाइलमध्ये घ्यायचं आणि ग्रेप (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड) मारायचा.

याची खरी किंमत एका प्रकरणात कळली. तोच बिल्ड लॅपटॉपवर व्यवस्थित चालायचा, सर्व्हरवर पडायचा. ट्रीमध्ये जॅक्सन या जेसन लायब्ररीचं एकच व्हर्जन, तेही बरोबर. लॉगमध्ये मात्र जॅक्सनचा 'ऑब्जेक्ट मॅपर' एका व्हेंडरच्या एसडीकेच्या (डेव्हलपरसाठीच्या किटच्या) जारमधून लोड झालेला! त्यांनी जॅक्सनचे जुने क्लास पॅकेजचं नाव न बदलता आपल्या जारमध्ये कोंबले होते. मेव्हनच्या दृष्टीनं ती एकच जार, आतलं त्याला दिसणार कसं? वर क्लासपाथमध्ये (क्लास कुठे शोधायचे त्या यादीत) लिबच्या फोल्डरपुढे स्टार, म्हणजे 'त्यातल्या सगळ्या जार', असा होता. स्टार दिला की जार कुठल्या क्रमानं येतील याची जावा हमी देत नाही, मशीन बदललं की क्रम बदलू शकतो. एसडीकेची जार बदलून घेतली आणि स्टार काढून जार क्रमानं लिहिल्या.

उणिवाही आहेत. जेडीकेच्या (जावाच्या स्वतःच्या) बऱ्याच क्लासपुढे पाथऐवजी 'शेअर्ड ऑब्जेक्ट्स फाइल' एवढंच येतं. ॲपचंही सीडीएस आर्काइव्ह (क्लास आधीच तयार करून ठेवलेली शेअर्ड फाइल) केलं असेल तर आपल्या क्लासचंही तेच होतं. तपासापुरतं 'एक्सशेअर' ऑफ करायचं. टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये एकच क्लास दोन लोडरकडून (क्लास लोड करणाऱ्यांकडून) आला, तर लोडर बघायला लॉगची लेव्हल डीबगवर न्यावी लागते. चालू प्रोसेसवर 'जेसीएमडी' या कमांडनं लॉग सुरू करता येतो, पण आधीच लोड झालेले क्लास त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मी अलीबाबाचं आर्थास हे तपासणीचं टूल वापरतो, त्याची 'एससी' कमांड डिटेलसह दिली की कोड सोर्स (क्लास कुठून आला ते) दाखवते. कोडमधून विचारायचं तर क्लासच्या प्रोटेक्शन डोमेनचा कोड सोर्स घ्यायचा, फक्त 'स्ट्रिंग'सारख्या बूटस्ट्रॅप (जेव्हीएम स्वतः लोड करते त्या) क्लाससाठी तो नल असतो, तेवढा चेक ठेवा.

स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या चाचणी सर्व्हरवर) हा लॉग आता कायम चालू आहे. दोन रिलीजच्या फाइलींतून क्लास आणि सोर्स एवढेच कॉलम काढून, सॉर्ट करून डिफ (दोघांतला फरक) घेतला की कुठली जार बदलली ते डिप्लॉयच्या आधीच दिसतं.