पॅनेलवर जावं की स्वतःहून मोफत केस घ्यावी? पुण्यातल्या वकिलांसाठी तुलना

शिवाजीनगर कोर्टात थोडं बस्तान बसलं की हा प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा. गरजूला विनामूल्य मदत करणं हे वकिलाचं कर्तव्य असल्याचं बार कौन्सिलचे नियम सांगतात. पुण्याला तर सार्वजनिक काकांचा वारसा आहे: १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाजूने कोर्टात उभं राहणारे गणेश वासुदेव जोशी इथलेच.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे वकिलांच्या यादीवर, येण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. पक्षकाराची पात्रता १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्राधिकरणच तपासतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले यांना उत्पन्नाची अट नाही. कोर्ट फी, नकला यांचा भार पक्षकारावर पडत नाही. मानधन तुटपुंजं असतं आणि केसचा अहवाल द्यावा लागतो. पक्षकाराकडून मात्र एक रुपयाही घ्यायचा नाही, अगदी झेरॉक्सच्या नावाखालीसुद्धा. तक्रारी इथूनच सुरू होतात.

स्वतःहून घेतलेल्या केसमध्ये निवड तुमची असते. केंद्र सरकारच्या न्याय बंधू या मोफत वकिलीच्या योजनेत नोंदणी करताना कामाचा विषयही निवडता येतो. खर्चाची सोय मात्र तुम्हालाच पाहावी लागते. बहुतेक वेळा बिनसतं ते तोंडी बोलीमुळे: पक्षकार अपिलापर्यंत धरून चालतो, तुम्ही निकालापर्यंत. म्हणून वकीलपत्रासोबतच मराठीत एक पानाचं पत्र करा. कोणत्या कोर्टापर्यंत, खर्च कोणाचा, अपील वेगळं की यातच, हे लिहून दोघांनी सह्या करा. आणि शिबिरात व्हिजिटिंग कार्डं वाटू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे तो कामासाठीचा प्रचार ठरू शकतो.

वेळ कमी आणि फौजदारीचा हात चांगला असेल, तर आमचा कौल प्राधिकरणामार्फत येरवडा कारागृहातल्या कामाला. कैद्याशी बोलताना गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमं, अटकेची तारीख, जामीन आदेशाची तारीख एवढं टिपलं तरी पुष्कळ उलगडतं. जामीन मंजूर होऊनही माणूस आत असतो, कारण परगावच्या मजुराला इथे जामीनदार मिळत नाही. अशा वेळी जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज करावा. महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास कोर्टाने स्वतःहूनही अटीचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नसेल तर त्या कारणावर जामिनाचा हक्क मिळतो (डिफॉल्ट बेल); त्याचा अर्ज लगेच टाका. ते आधी दाखल झालं तर हा हक्क जातो. पहिलाच गुन्हा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पाहा: कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढलेल्याला सोडता येतं, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळून.

लीगल एड डिफेन्स कौन्सेल, म्हणजे आरोपींच्या बचावासाठी प्राधिकरणाने नेमलेला वकील, ही पूर्णवेळ नेमणूक आहे. खासगी वकिली बंद ठेवावी लागते, म्हणून ती इथे तुलनेत धरलेली नाही.

तीन वर्षं नुकतीच पूर्ण झालेल्या नवख्याने पॅनेल घ्यावं, पण एका वेळी दोन-तीनच केसेस. मोफत पक्षकाराचं सर्वांत मोठं नुकसान चुकलेल्या तारखेने होतं: पुरावा बंद होतो, दावा गैरहजेरीत काढला जातो, आणि तो पुन्हा उभा करायला त्याच्याकडे पैसे नसतात. केस सोडायचीच असेल तर आधी प्राधिकरणाला लेखी कळवा, दुसरा वकील नेमून घ्या आणि पुढच्या तारखेसह कागद त्याच्या हाती द्या.