नवख्या नर्ससाठी सात रस्त्याजवळचं प्लेसमेंट ऑफिस

जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, 3 वर्षं संपली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की जो तो म्हणतो, ‘आता पुणं गाठ.’ मला सोलापूर जिल्हा सोडायचाच नव्हता. म्हणून इथे गेले आणि बरं झालं.

आधी एका दवाखान्यात ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून बाँडवर सही मागितली होती. इथल्या मॅडमनी पहिल्यांदा तेच बजावलं, ‘झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल दाखवून लगेच पिशवीत परत.’ नाइट ड्युटी किती, राहायची सोय कुठे, हे त्यांनी माझ्यासमोर फोन करून विचारून घेतलं. फी पहिला पगार झाल्यावर.

बार्शीकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात लागले. पगार पुण्यापेक्षा कमी, हे खरं. पण शिकायला किती मिळतं! कॅज्युअल्टी, लेबर रूम, वॉर्ड, सगळीकडे हात लावावा लागतो. साप चावलेला पेशंट आला, तेव्हा सिस्टरांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन माझ्यापुढे ठेवलं. 20 मिनिटं नळीला धक्कासुद्धा लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलेलं. डॉक्टरांनी लगेच अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, सुरू केलं. कॉलेजात हे फक्त वहीत उतरवलं होतं की हो!

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत. सरळ ऑफिसात जा, आणि अनुभव नाही म्हणून बिचकू नका, फ्रेशरच्या जागा त्या वेगळ्या काढून ठेवतात.